नाइलाजापुरतं

आमच्या इमारतीत तळमजल्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे आणि वर मुफ्तीसाहेबांचं कार्यालय; धर्मात काय चालतं, काय नाही, हे विचारायला लोक तिथे येतात. वर जाणारा प्रत्येक माणूस माझ्या दारावरून जातो, त्यामुळे कोण किती जड पावलांनी चढला आणि किती हलका होऊन उतरला, हे मला बसल्या जागी कळतं. त्या कार्यालयात एकतीस वर्षं एकच कारकून होते. लोक त्यांना नाइलाजभाई म्हणत. तोंडावर नुसतं भाई.

हे नाव पडलं त्यांच्या प्रश्नामुळे. कुणी खिडकीपाशी येऊन म्हणायचं, "डॉक्टरांनी कॅप्सूल दिलीय, तिचं वेष्टन कुठल्या जनावराचं असतं कुणास ठाऊक. घेऊ का?" भाई चष्म्यावरून बघत विचारायचे, "नाइलाज आहे का?"

"आहे ना."

"किती आहे?"

इथे भलेभले अडखळायचे. नाइलाज आहे हे सांगायला लोक येत, तो किती आहे हे मोजून कुणीच आणलेलं नसे.

धर्मशास्त्रात नाइलाजाला एवढा मान आहे, हे मला भाईंकडूनच कळलं. माणूस उपासमारीने मरायला टेकला, तर एरवी वर्ज्य असलेलं अन्नही त्याला चालतं. मात्र जीव तगेल एवढंच. पुढचा घास चवीसाठी घेतला की मुभा संपली. हे सांगताना भाई बोटांची चिमूट करून दाखवत, जणू मुभा ही मिठासारखी भुरभुरायची वस्तू आहे.

त्यांचं काम तसं सोपं. लोक रडगाणं घेऊन येत, भाई त्यातून प्रश्न काढत. सासू वगळायची, जाऊ वगळायची, डोळ्यांतलं पाणी वगळायचं; उरेल तो प्रश्न. त्यात नावं घालायची नाहीत, 'एक बाई', 'एक गृहस्थ' एवढंच. साहेब उत्तर सांगत, भाई टाइप करत. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं कंप्युटरात तयारच होती, फक्त तारीख बदलायची. थोरले मुफ्तीसाहेब गेले, त्यांच्या जागी भाईंपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असे नवे आले, पण ती उत्तरं तीच राहिली.

स्वतः भाईंना मात्र कधी कसली मुभा लागली नाही. बासष्टाव्या वर्षी ते जमिनीवरून हात न टेकता उठत. खुर्चीवर बसून नमाज पढायची परवानगी त्यांनी शेकडो गुडघ्यांना मिळवून दिली, पण त्या गुडघ्यांबद्दलचं त्यांचं खासगी मत काही चांगलं नव्हतं. "अर्ध्या लोकांचा नाइलाज म्हणजे आळस असतो," ते माझ्याकडे चहा पिताना म्हणायचे. "उरलेल्या अर्ध्यांचा बायकोचा आग्रह."

मुलगा परगावी असायचा; घरी बायको आणि थोरली बहीण. बहिणीला सगळेच आपा म्हणत. ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा हिनेच भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं. या धावपळीत स्वतःचं करायचं राहून गेलं. छत्तीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होती. पांढरा कोट, केसांना घट्ट अंबाडा आणि जीभ अशी तिखट की डॉक्टरसुद्धा औषधाचं नाव नीट अक्षरात लिहायचे. तिचं म्हणणं, औषध आणि विष एकाच बाटलीत असतं, फरक चमच्याचा.

एकाहत्तराव्या वर्षी आपाची पाठ दुखायला लागली. तपासण्या झाल्या. आजार हाडांत पोहोचला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने, फार तर चार. ऑपरेशनचा उपयोग नाही. दुखणं मात्र आटोक्यात ठेवता येईल. त्यांनी मॉर्फिनचं पातळ औषध लिहून दिलं. भाईंनी बाटली घरी आणली आणि कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिली.

कारण त्यांना नियम पाठ होता. गुंगी आणणारी वस्तू वर्ज्य. नाइलाज झाला तर मुभा. पण नाइलाज झाला असं केव्हा म्हणायचं? साधे उपाय संपल्यावर. आणि साधे उपाय भाईंना पुष्कळ सुचले. आधी गरम पाण्याची पिशवी. मग साध्या गोळ्या. मग गादीखाली फळी, मग फळी काढून दोन गाद्या. मग एक मलम, ज्याचा वास शेजारच्या तीन घरांत गेला. कुणी परका खिडकीपाशी आला असता तर त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी हो म्हणून वाटेला लावलं असतं. पण परक्याच्या बाबतीत चूक झाली तर ती उत्तरातली चूक. इथे ती त्यांच्या स्वतःच्या हातून झाली असती.

"अहो, ती बाटली देऊन टाका ना," बायको म्हणाली. "त्यांच्याकडे बघवत नाही."

"अजून मलम संपलेलं नाही," भाई म्हणाले.

हे अठरा दिवस चाललं. बाटली कुठे आहे हे आपाला पलंगावरून दिसत होतं. ती मागत नव्हती. दवाखान्यात छत्तीस वर्षं तिने चिठ्ठीशिवाय कुणाला औषध दिलं नव्हतं, आता चिठ्ठी असून मिळत नव्हतं, यात काय बोलायचं हे तिला कळेना, असं ती मला पुढे म्हणाली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी भाई कार्यालयात निघाले तेव्हा तिने हाक मारली.

"कागद घे. मला प्रश्न विचारायचाय. रीतसर."

"कुणाला?"

"तुझ्या साहेबांना. तू लोकांचे लिहून घेतोस, माझा घे."

भाई पलंगाशेजारी स्टुलावर बसले. ती भिंतीकडे तोंड करून सांगू लागली. "एक बाई आहे. वय एकाहत्तर. आजार बरा होणारा नाही. तिला दुखतं. बसलं तरी दुखतं, कूस बदलली तरी दुखतं. कुणी पलंगाला हात लावला तरी दुखतं."

"दुखतं कितीदा लिहू? एकदा पुरे."

"मी सांगितलं तितकेदा लिही."

भाईंनी लिहिलं.

"घरात एक औषध आहे. किती घेतलं की दुखणं थांबतं ते तिला माहीत आहे. किती घेतलं की सगळंच थांबतं तेही माहीत आहे. तर नाइलाज म्हणून तिला ते दुसरं प्रमाण घेता येईल का? की तिच्या भावाने द्यावं? त्याला लोकांना मुभा द्यायची सवय आहे. पूर्णविराम."

भाईंनी पूर्णविराम दिला. मग म्हणाले, "आपा, याचं उत्तर मला माहीत आहे."

"तुला नाही विचारलेलं."

खरोखरच माहीत होतं. एकतीस वर्षांत हा प्रश्न अकरा वेळा आला होता आणि अकराही वेळा एकच कागद खिडकीतून बाहेर गेला होता: जीव ही आपल्याकडे ठेवायला दिलेली अमानत आहे, ती आपली मालकी नाही, नाइलाजाने बरीच दारं उघडतात, पण कुणाचा जीव घ्यायचं दार उघडत नाही, स्वतःचा असला तरी, सबर करावा. एक पान. तारीख बदलली की झालं. त्या अकरा जणांपैकी कुणीही तो कागद घेऊन जिना हलक्या पावलांनी उतरलं नव्हतं. हे मी सांगू शकतो, भाई वर खिडकीच्या आत असत.

त्यांनी तो तयार कागद छापला नाही. आपाचा प्रश्न इतर अर्जांच्या मधोमध घातला आणि साहेबांसमोर ठेवला. एखादी फट सापडावी असं त्यांना मनातून वाटत होतं आणि सापडली तर काय करायचं याची धास्तीही होती.

धाकटे मुफ्तीसाहेब वाचायला हळू. त्यांनी तो प्रश्न दोनदा वाचला.

"भाई, या बाईला सध्या दुखण्यावर काय देतात?"

"गोळ्या, साहेब."

"कसल्या?"

"साध्याच. आणि मलम."

"हाडांच्या आजाराला मलम?" साहेबांनी चष्मा काढला. "घरात औषध आहे म्हणून लिहिलंय की. ते का देत नाहीत?"

"गुंगीचं आहे म्हणून घरचे कचरतात."

"कोण आहेत हे मूर्ख लोक? त्यांना कुणी सांगणारं नाही?"

"घरात एक जाणकार आहे, साहेब," भाई म्हणाले.

"तो जाणकार हेच सांगत असेल ना, आधी हे करून बघा, आधी ते करून बघा? बाईला मरण मागण्यापर्यंत आणून सोडलं, तरी याचा नाइलाज अजून झाला नाही!" साहेबांचा आवाज चढला होता, खाली माझ्याकडे चष्मा बसवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाने वर पाहिलं. "लिहा. तयार उत्तर नको. नवीन लिहा."

भाई लिहू लागले. जीव घेण्याची मुभा नाही, बाईला नाही आणि भावालाही नाही. इथे नाइलाजाची हद्द संपते. दुखणं थांबवणाऱ्या औषधाची मुभा आहे, गुंगीचं असलं तरी, दुखणं थांबेल इतपत. ते किती, हे डॉक्टर आणि ज्याला दुखतं तो ठरवेल, शेजारी बसलेला नाही. उद्या श्वासाचं मशीन, नळ्या यांचा उपयोग उरला नाही, तर बाईने त्या नाकारल्या म्हणून तिने जीव दिला असं होत नाही. आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं वेगळं आणि मारणं वेगळं. शेवटी साहेब म्हणाले, "आणि लिहा, हाताशी औषध असताना ज्याने ते अडवून धरलं, त्याने अल्लाची माफी मागावी आणि त्याआधी त्या बाईची."

भाईंनी ते वाक्य टाइप केलं. एकही चूक केली नाही, असं ते मला म्हणाले. त्यांना त्याचंच वाईट वाटत होतं.

त्या दिवशी ते जिन्यावरून उतरले तेव्हा मला वाटलं, कुणी आजारी माणूस उतरतोय.

आपाने उत्तर चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत वाचलं. तिने ते चिठ्ठी तपासावी तसं तपासलं. "बरं लिहिलंय," ती म्हणाली. "'इतपत' हा शब्द बरा आहे. हे शेवटचं कुणासाठी आहे, माफी मागावी म्हणतात ते?"

"घरच्यांसाठी."

"घरचे म्हणजे?"

"मी," भाई म्हणाले.

आपा हसायला लागली. हसण्याने पाठ दुखली, म्हणून कळवळली, आणि कळवळता कळवळता पुन्हा हसली. "मागू नकोस. बाटली काढ."

भाई स्टुलावर चढले. आपाने त्यांना मोजायला शिकवलं: माप डोळ्यांच्या रेषेत धरायचं, हात हलू द्यायचा नाही, मापात औषध मधे खोलगट दिसतं, तो खालचा काठ रेघेला टेकला पाहिजे, वरचा नाही. एकतीस वर्षं लोकांना 'किती' विचारणारा माणूस पाच मिलीलिटर मोजताना घामाघूम झाला. दुपारी आपा झोपली ती संध्याकाळी पाचला उठली आणि म्हणाली, भूक लागलीय.

पाचव्या दिवशी तिने साहेबांना निरोप पाठवला: उत्तरात एक गोष्ट राहिली. या औषधाने पोट साफ होत नाही, सोबत जुलाबाचं लागतं, पुढच्या वेळी तेही लिहा. भाईंनी हा निरोप खालमानेने पोहोचवला. साहेबांनी तयार उत्तर बदलायला सांगितलं. दुखण्यावरचा परिच्छेद आता त्यात कायमचा आहे, जुलाबासकट.

दुखणं थांबल्यावर आपा मेली नाही. तीन महिने झाले, चार झाले. तिने मला घरी बोलावलं. पलंगावर टेकून बसली होती, अंबाडा घट्ट.

"वाचताना अक्षरं पळतात. नवीन चष्मा कर. फ्रेमची गॅरंटी किती?"

"एक वर्ष."

"दोन वर्षांची नाही?"

हीच बाई चार महिन्यांपूर्वी मरणाची परवानगी मागत होती, हे मला माहीत होतं. मी मूग गिळून दोन वर्षांच्या गॅरंटीची फ्रेम काढली.

त्या चष्म्याने तिने घराला हैराण केलं. भाजी कशी चिरली ते बघायची, दूधवाल्याचं माप तपासायची. गल्लीतल्या बायका औषधांच्या पुड्या घेऊन तिच्याकडे यायच्या, आणि कुणाची कुठली गोळी बंद करायला हवी हे ती डॉक्टरांना फोन करून कळवायची. भावजय दाराआडून मला म्हणाली, "दुखत होतं तेव्हा निदान गप्प तरी होत्या."

एकदा भाईंनी भीत भीत विचारलं, "आपा, तो प्रश्न मागे घ्यायचा का? फायलीत आहे अजून."

"राहू दे. दुखणं काही गाव सोडून गेलेलं नाही."

ते नव्हतंच गेलं. पंधराव्या महिन्यात परत आलं, आणि या वेळी श्वासातही शिरलं. आपाने आधीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं: मशीन नको, नळी नको, दवाखाना नको, सही, तारीख. अक्षर अर्थातच स्वच्छ. पण भाईंचा मुलगा परगावाहून आला. वर्षभर त्याने आपाला फोनवरच ऐकलं होतं आणि फोनवर ती त्याला खणखणीत रागावत असे. त्याच्या हिशेबी ती बरी होती.

"अब्बा, तिला हॉस्पिटलात न्या. मशीन लावा."

"तिने नको म्हटलंय."

"ती म्हणेल! तुम्ही ऐकता? तुम्ही आणि तुमचे साहेब मिळून तिला मारताय."

हे तो अंगणात उभा राहून बोलला आणि गल्लीने ऐकलं. मरणाची परवानगी नाही, असा कागद ज्यांनी स्वतः टाइप करून घरी आणला, त्यांच्यावर आता मारल्याचा आळ होता. भाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी मुलाला बाजूला बसवून समजावलं: मशीनने श्वास चालेल, आपा परत येणार नाही. मग नातेवाइकाची सही हवी म्हणाल्या. भाईंनी आयुष्यभर उत्तरं टाइप केली होती, खाली सही नेहमी साहेबांची. त्यांनी पेन हातात घेतलं, नाव लिहिलं आणि कागद परत दिला.

"औषध वाढवावं लागेल," बाई म्हणाल्या. "पाचाचे साडेसात. श्वास किंचित मंदावू शकतो. पण ती आत्ता कशी तडफडतेय ते तुम्ही बघताय."

भाईंनी खिडकीपाशी जाऊन माप उजेडात धरलं. पाचाची रेघ छापलेली होती, दहाची होती. साडेसातची बारीक होती. मोजलं, ड्रॉपरने थेंब थेंब गालात सोडलं. आपाचं कपाळ सैल झालं. दिवसभरात तीनदा दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला ती गेली. मुलगा तिचे पाय धरून बसला होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच रडला.

चौथ्या दिवशी भाई माझ्या दुकानात आले. जिना चढले नाहीत. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"माझे डोळे तपास."

"काय होतंय?"

"ती साडेसातची रेघ मला नीट दिसली की नाही, ते बघायचंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबांना विचारलं. ते म्हणाले, हेतू दुखणं थांबवण्याचा होता, तुमच्याकडे दोष नाही. हेतूचं ठीक आहे रे. मला रेघेचं विचारायचंय."

मी काचा बदलत तक्ता वाचून घेतला. जवळचा नंबर अर्ध्याने वाढला होता. बारीक रेघ त्यांना पुसट दिसली असणार. साडेसातचे फार तर आठ झाले असतील, आणि तेवढ्याने कुणी मरत नाही हे डॉक्टरीणबाईंनी शपथेवर सांगितलं असतं. पण हे सगळं समजावत बसलो असतो तर त्यांच्या डोक्यात एकच शब्द राहिला असता: वाढला.

"नंबर तोच आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. फक्त काचांवर ओरखडे आहेत, बदलून देतो."

दोन दिवसांनी मी नव्या नंबराच्या काचा घालून चष्मा दिला. भाईंनी समोरच्या दुकानाची पाटी वाचली, मग माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं बारीक अक्षर वाचलं. "ओरखड्यांनी एवढा फरक पडतो?" म्हणाले आणि वर कामाला गेले. खिडकीपाशी दोन माणसं वाट बघत होती.

एवढ्या वर्षांत मी डोळ्यांबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. वर जाऊन विचारावं असं दोनतीनदा वाटलं. पण प्रश्न लिहून घेणारे भाईच.

महिन्याभराने मुफ्तीसाहेब स्वतः खाली आले, त्यांच्या फ्रेमची दांडी सैल झाली होती. स्क्रू शोधता शोधता मी म्हटलं, "साहेब, माझ्या ओळखीचा एक दुकानदार आहे. त्याने एका माणसाला त्याच्याच भल्यासाठी एक खोटं सांगितलं."

"किती मोठं?"

"अर्ध्या नंबराचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बिनचष्म्याचे डोळे, त्यांना माझा चेहरा नीट दिसतही नसावा.

"काचा बदलून दिल्या का त्या दुकानदाराने?"

"दिल्या."

"मग ती दांडी घट्ट करा," ते म्हणाले. "वर लोक बसलेत."